विचाराचा पगार कोण देतं?

जालन्याच्या मोंढ्यात पावतीपुस्तक घेऊन आलेल्याला सहसा कोणी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. सप्ताह, गोशाळा, पाणपोई, मोतीबिंदूचं शिबिर, मुलींचं वसतिगृह. कारण सांगायचा अवकाश, आकडा लिहिला जातो. आता समजा, एक माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन म्हणाला, "शेटजी, मला दोन वर्षांचा घरखर्च द्या. उन्हाळ्यात कुंडलिका कोरडी पडते तेव्हा ती नदी उरते का, यावर मला विचार करायचा आहे." शेटजी त्याला चहा पाजतील. पैसे देतील का?

गंमत म्हणजे असे पैसे देणारे निघालेले आहेत. परदेशात निघाले, आणि आपल्या महाराष्ट्रात तर सुमारे अठराशे वर्षांच्या अंतरानं दोनदा निघाले. दोन्ही वेळा पैसा फिरला तो कापडाच्या धंद्यातून. त्यांनी तो कसा दिला आणि दिल्यावर काय झालं, ते पाहू.

कोरड्या नदीचा प्रश्न

आधी त्या माणसाला वेड्यात काढायचं का, ते ठरवू. कुंडलिकेतलं पाणी दर पावसाळ्यात नवं असतं. काठ सरकतात, पात्र अरुंद होतं, वैशाखात पाण्याचा थेंबही नसतो. तरी आपण म्हणतो, "तीच नदी." मग टिकलं ते काय? पाणी तर टिकलं नाही. नाव टिकलं म्हणावं, तर नाव बदलल्यानं नदी बदलत नाही. हाच प्रश्न माणसाला लावला की जरा अस्वस्थ व्हायला होतं. पाच वर्षांचे असतानाचे आपण आणि आजचे आपण यांच्यात शरीर, आठवणी, आवडीनिवडी यांतलं फारसं काही सारखं नाही. तरी कर्ज घेणारा आणि वीस वर्षांनी फेडणारा माणूस एकच, हे गृहीत धरल्याशिवाय बँक एक दिवस चालणार नाही आणि न्यायालयाला शिक्षाही देता येणार नाही.

अशा प्रश्नांच्या शास्त्राला तत्त्वमीमांसा म्हणतात. खरोखर अस्तित्वात काय काय आहे, एखादी वस्तू 'तीच' राहते म्हणजे काय होतं, काळ सरकतो की आपल्याला तसं वाटतं, कारणामुळे कार्य घडतं म्हणजे नेमकं काय घडतं, माणसाला निवडीचं स्वातंत्र्य आहे का, हे तिचे विषय. पदार्थविज्ञान काळ मोजतं. काळ ही चीज मुळात आहे का, हे तत्त्वमीमांसा विचारते. मोजमाप सुरू होण्याआधी आपण जे न बोलता मान्य करून टाकतो, ते उकरून काढणं हे तिचं काम.

हा उद्योग परदेशी आहे असं जालन्यात तरी कोणी म्हणू नये. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालचा, घनसावंगी तालुक्यातल्या जांबेचा. दिसणारं जग खरं किती आणि माया किती, यावर दासबोधात पानंच्या पानं आहेत. त्याच जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभावांचं स्थान आहे, आणि महानुभावांचं उत्तर वेगळं: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ अनादी आणि एकमेकांपासून स्वतंत्र. एकाच जिल्ह्यात जगाच्या घडणीचे दोन वेगवेगळे आराखडे नांदतात आणि दोन्हीकडे दरवर्षी यात्रा भरते.

गिऱ्हाईक नसलेला माल

कोणत्याही कामाचे पैसे तीन ठिकाणांहून येऊ शकतात: गिऱ्हाईक, सरकार किंवा दाता. तत्त्वमीमांसेला गिऱ्हाईक नाही. औषध शोधलं तर कंपनी पेटंट घेते, पूल बांधला तर टोल लागतो. 'काळ सरकत नाही' असं कोणी सिद्ध केलं, तर ते विकायचं कुणाला?

सरकार काही प्रमाणात देतं. विद्यापीठांतल्या तत्त्वज्ञान विभागांचे पगार आहेत, आणि १९७७ साली स्थापन झालेली भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषद पाठ्यवृत्त्या देते. पण सरकारी पैसा अर्थसंकल्पाच्या वर्षाला बांधलेला असतो आणि खर्चाचा उपयोग दाखवावा लागतो. या विद्येत उपयोग दिसायला किती वेळ लागतो, त्याचा एक नमुना सांगतो. कार्यकारणभाव आणि काळ यांविषयी प्रश्न उपस्थित करणारा डेव्हिड ह्यूमचा ग्रंथ १७३९ साली निघाला आणि कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. १९०५ साली आइन्स्टाइननं सापेक्षतेचा सिद्धान्त मांडला. सगळ्या विश्वाला एकच घड्याळ लागू आहे हे गृहीत सोडून देण्याचं बळ ह्यूम आणि भौतिकशास्त्रज्ञ माख यांच्या वाचनातून मिळालं, असं त्यानं स्वतः सांगितलं आहे. मध्ये १६६ वर्षं गेली. इतकी वर्षं थांबणारं सरकारी खातं अजून निघालेलं नाही.

उरतो दाता. त्याला निवडणूक लढवायची नसते, भागधारकांना नफा दाखवायचा नसतो, आणि त्याच्या मनात एखादा प्रश्न घर करून बसलेला असू शकतो. म्हणून या विद्येच्या इतिहासात दाते पुन्हा पुन्हा भेटतात.

भोकरदनचे देणगीदार, नाशिकचे विणकर

आजचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पैठणहून अजिंठ्याच्या डोंगरातून उत्तरेकडे उज्जैनला जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचं हे भरभराटीचं गाव. मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी इथे १९७३ साली उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिची जवळची बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेत सापडलेली आहे, यावरून व्यापाराचा पल्ला कळतो. याच भोगवर्धनच्या लोकांची नावं सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत कोरलेली आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातली माणसं शेकडो मैलांवरच्या बौद्ध स्थळांना दान देत होती.

दान पुण्यासाठी होतं, हे उघड आहे. पण ते ज्या संघाच्या स्थळांना पोचलं, त्या संघात पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहणारे भिक्षू वाद घालत होते, आणि वाद थेट आपल्या कोरड्या नदीच्या जातीचे होते. सर्वास्तिवादी म्हणत, भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले धर्म, म्हणजे जगाचे मूळ घटक, अस्तित्वात असतात. दुसरे म्हणत, असतो तो फक्त वर्तमान. वात्सीपुत्रीय म्हणत की 'पुद्गल', म्हणजे व्यक्ती, कोणत्या ना कोणत्या अर्थानं खरी असते. बाकीचे त्यांच्यावर तुटून पडत. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातलं, म्हणजे पांडवलेण्यांतलं, तिसऱ्या क्रमांकाचं भव्य लेणं गौतमी बलश्रीनं ज्या भद्रायणीय भिक्षूंना दिलं, ते याच वात्सीपुत्रीय परिवारातले. व्यक्ती खरी असते असं मानणाऱ्या पंथाला सातवाहनांच्या राजमातेनं डोंगर कोरून दिला!

पण माझ्या मते त्या डोंगरातला सगळ्यात उद्बोधक मजकूर दहाव्या लेण्यात आहे. हे लेणं क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचं, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचं. लेण्याच्या जोडीला त्यानं ३००० कार्षापण दिले. ते भिक्षूंच्या हातात ठेवले नाहीत. २००० नाणी गोवर्धनच्या, म्हणजे नाशिकजवळच्या, एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दरानं ठेवली, आणि १००० नाणी दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण दरानं. श्रेणी म्हणजे त्या काळची कारागिरांची पेढी. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असं लेखात स्पष्ट आहे. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत.

हिशेब करून पाहा. २००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४० नाणी. लेण्यात राहणारे भिक्षू २०, प्रत्येकाला वस्त्रासाठी १२. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. एक नाणं कमी नाही, एक जास्त नाही. सगळा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून फलकावर नोंदवला होता. आणि मला विशेष वाटते ती अट अशी: हा लाभ चारी दिशांच्या संघातल्या, या लेण्यात राहायला येणाऱ्या कुणाही भिक्षूला. तो कोणत्या मताचा असावा, ते उषवदातानं लिहिलं नाही.

दाणा खायचा, बी राखायचं

आजच्या भाषेत अक्षयनीवी म्हणजे कायम निधी. जालना बियाण्यांचं गाव असल्यानं हे इथे समजावून सांगायला सोपं. पूर्वी शेतकरी सुगीत सगळा दाणा खात नसे. निवडक कणसं बाजूला काढून कणगीत राखायची, दाणा खायचा, बी पुढच्या पेऱ्याला. बी खाल्लं की घर बसलं. कायम निधीत मुद्दल म्हणजे बी आणि व्याज म्हणजे दाणा. त्यातलाही थोडा दाणा पुन्हा बियात मिसळावा लागतो, कारण महागाई किड्यासारखी बी पोखरत असते.

दुसरा प्रकार प्रकल्प-अनुदानाचा. तो संकरित बियाण्यासारखा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि संकरित वाण गावोगाव नेले. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित वाणाचं पीक जोमदार येतं, पण त्याचं बी राखून उपयोग नसतो, दर हंगामात पुडा नवा. प्रकल्पाचंही तसंच: तीन वर्षं भरपूर पैसा, माणसं, परिषदा, पुस्तकं, चौथ्या वर्षी नवा अर्ज. शेतकऱ्याला दोन्हींचा उपयोग कळतो. तत्त्वमीमांसेला मात्र, तिचा हंगाम शंभर-दीडशे वर्षांचा असल्यानं, राखीव बी जास्त मानवतं.

याशिवाय दोन लहान वाटा आहेत. एक अध्यासनाची: विद्यापीठाला रक्कम द्यायची आणि त्यातून एका प्राध्यापकाची जागा कायमची चालवायची. बनारस हिंदू विद्यापीठात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचं अध्यासन होतं, त्यावर राधाकृष्णन बसले. त्याआधी ऑक्सफर्डला एच. एन. स्पाल्डिंग यांच्या देणगीतून पौर्वात्य धर्म आणि नीती यांचं अध्यासन झालं, त्याचे १९३६ सालचे पहिले प्राध्यापकही राधाकृष्णनच. दुसरी वाट पारितोषिकाची. अमेरिकेतलं मार्क सँडर्स यांचं प्रतिष्ठान तत्त्वमीमांसेतल्या निबंधासाठी तरुण अभ्यासकांना पारितोषिक देतं. परीक्षकांना लेखकाचं नाव कळत नाही आणि निवडलेला निबंध ऑक्सफर्डच्या ग्रंथमालेत छापला जातो. पारितोषिक स्वस्त पडतं, पण ते झालेल्या कामाला मिळतं. काम चालू असताना चूल कोणी पेटवायची, हा प्रश्न तसाच राहतो.

अमळनेरची गिरणी आणि तत्त्वज्ञान मंदिर

आता दुसरी गोष्ट. खानदेशात बोरी नदीच्या काठी अमळनेर आहे. संत सखाराम महाराजांचं गाव, आणि कापसाचं. विसाव्या शतकाच्या आरंभी मोतीलाल माणेकचंद, म्हणजे श्रीमंत प्रतापशेठ, यांनी तिथे कापडगिरणी उभारली. गिरणीतून आलेल्या पैशातून त्यांनी शाळेला दिलं, पुढे कॉलेजला दिलं. त्यात नवल नाही, तेव्हाचे अनेक शेठ देत. नवल हे की १९१६ साली त्यांनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं. वेदान्ताचा, त्यातही शंकराचार्यांच्या अद्वैताचा, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या जोडीनं अभ्यास व्हावा, अशी त्यांची इच्छा. इंग्रजीत संस्थेचं नाव 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी'. मुंबई नाही, पुणे नाही, कलकत्ता नाही, तालुक्याच्या गावी.

तिथली रीत साधी होती. पदवीधर तरुणांना बोलवायचं, राहण्याची सोय आणि पाठ्यवृत्ती द्यायची, ग्रंथालय द्यायचं, आणि वाचायला, वाद घालायला, लिहायला सोडून द्यायचं. तिथे राहिलेल्यांपैकी मराठी वाचकाला एक नाव चटकन ओळखू येईल: साने गुरुजी. १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक होण्याआधी ते तत्त्वज्ञान मंदिरात होते. घनश्यामदास रतनमल मलकानी हे सिंधचे गृहस्थ आले ते कायमचेच; पुढे संचालक झाले आणि १९६१ साली त्यांचा अद्वैताच्या तत्त्वमीमांसेवरचा ग्रंथ अमळनेरहूनच निघाला. टी. आर. व्ही. मूर्ती इथे संशोधक होते. १९५५ साली त्यांनी माध्यमिक बौद्ध तत्त्वज्ञानावर लिहिलेलं पुस्तक आजही जगभर वाचलं जातं. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य, आधुनिक भारतातले बहुधा सर्वांत अवघड तत्त्वज्ञ, यांनी इथे व्याख्यानं दिली. त्यांचं 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हे पुस्तक १९३० साली अमळनेरनं छापलं, आणि १९३३ ते १९३५ या काळात ते इथले संचालक होते. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या गावात हा माणूस 'मी' म्हणजे काय, याचा पदर पदर सोडवत होता.

१९२५ साली 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झालं आणि सुमारे चार दशकं चाललं. नियतकालिकाचं महत्त्व बाहेरच्याला कळत नाही. या विद्येत प्रयोगशाळा नाही. तुमचं म्हणणं बरोबर की चूक, हे ठरवायला दुसऱ्याचा तल्लख विरोध लागतो. विरोध छापण्याची जागा म्हणजे नियतकालिक. तेच या शास्त्राचं उपकरण. प्रतापशेठांनी माणसांबरोबर उपकरणही पुरवलं.

त्या उपकरणातून काय निघालं? १९३३ साली मलकानी, रासविहारी दास आणि मूर्ती या अमळनेरच्याच तिघांनी मिळून 'अज्ञान' नावाचं पुस्तक काढलं. विषय अद्वैताच्या गाभ्याचा: जग दिसतं ते अज्ञानामुळे, असं म्हणताना ते अज्ञान म्हणजे ज्ञानाचा नुसता अभाव, की स्वतःची काही शक्ती असलेली चीज? तिघांनी आपापला भाग लिहिला आणि तिघांचं जमलं नाही. दासांनी तर रूढ वेदान्ती भूमिकेवरच आक्षेप घेतले. शेठ अद्वैताचे, पैसा अद्वैतासाठी दिलेला, आणि त्या पैशावर राहणारा विद्वान अद्वैताच्या पायाखालची वाळू काढतो. ते पुस्तक निघालं तरी शेठचा पैसा आणि विद्वानांचे वाद, दोन्ही चालू राहिले. दात्याची परीक्षा अशाच जागी होते, आणि प्रतापशेठ तीत उतरले असं मला वाटतं.

उणी बाजू अशी की संस्थेचं नशीब दात्याच्या धंद्याशी जोडलेलं होतं. खानदेशातल्या कापडगिरण्यांचे दिवस फिरले, तसा अमळनेरच्या विद्वानांचा वावरही ओसरला. त्रैमासिक साठच्या दशकात थांबलं. १९७३ पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागानं 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' या नावानं त्याचा वारसा पुढे नेला. उषवदातानं आपली ३००० नाणी दोन श्रेणींत, दोन दरांनी विभागली होती, हे इथे आठवतं. एक बुडाली तर दुसरी तरेल, एवढा व्यवहार त्याला कळत होता.

अमळनेरचा आणखी एक धागा. १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला. त्याचीच पुढे विप्रो झाली. तिचे अझीम प्रेमजी यांनी विप्रोतल्या आपल्या हिश्श्याचा मोठा भाग शिक्षणाच्या कामासाठी कायम निधीत वळवला. २०१९ साली जाहीर झालेला आकडा कंपनीच्या मालकीतून मिळणाऱ्या लाभाच्या ६७ टक्क्यांचा आहे. एका लहान गावानं देशाला दोन पिढ्यांत दोन असे दाते दिले.

लॉर्ड गिफर्डचं मृत्युपत्र

स्कॉटलंडचे न्यायाधीश ॲडम गिफर्ड १८८७ साली वारले. त्यांनी ८०,००० पौंड एडिंबरा, ग्लासगो, ॲबरडीन आणि सेंट अँड्र्यूज या चार विद्यापीठांना ठेवले. ईश्वर आणि जगाचं मूळ स्वरूप यांवर जाहीर व्याख्यानं व्हावीत, एवढीच इच्छा. वक्त्यासाठी अट? कोणत्याही धर्माचा चालेल, धर्म नसलेलाही चालेल, संशयवादीही चालेल. फक्त प्रामाणिक आणि सखोल विचार करणारा हवा. १८८८ पासून ही व्याख्यानं चालू आहेत. १९२७-२८ साली एडिंबराला तत्त्वज्ञ व्हाइटहेड बोलले. ते इतकं कठीण होतं की श्रोते भराभर गळाले, आणि दुसऱ्याच वर्षी त्याच व्याख्यानांतून 'प्रोसेस अँड रिॲलिटी' हा विसाव्या शतकातला तत्त्वमीमांसेचा एक प्रमुख ग्रंथ उभा राहिला. रिकामी सभागृहं पाहून निधी बंद करणारा कोणी वर बसलेला नव्हता, म्हणून हे झालं.

जॉन टेम्पलटन यांची तऱ्हा निराळी. शेअर बाजारात पैसा केलेला हा माणूस. त्यांनी सुरू केलेला पुरस्कार रकमेनं नोबेलपेक्षा मोठा असावा, असा त्यांचा आग्रह. आपल्याकडे तो बाबा आमटे यांना १९९० साली विभागून आणि पांडुरंगशास्त्री आठवले यांना १९९७ साली मिळाला, म्हणून नाव ओळखीचं. १९८७ साली काढलेलं त्यांचं प्रतिष्ठान थेट संशोधनालाही पैसे देतं. निवडीचं स्वातंत्र्य खरं आहे का, या प्रश्नावरच्या एका प्रकल्पाला २०१० साली ४४ लाख डॉलर मिळाले; मरणोत्तर अस्तित्वावरच्या एका प्रकल्पाला २०१२ साली ५० लाख. तत्त्वज्ञांच्या जगात हे आकडे ऐकून डोळे विस्फारतात.

आक्षेप इथूनच सुरू होतात. टीकाकारांचं म्हणणं असं की निष्कर्ष कोणी लिहून देत नाही, पण प्रश्न कोणते विचारायचे हे पैसा ठरवतो. ईश्वर, आत्मा, मरणोत्तर जीवन यांवर पैसा असेल, तर हुशार तरुण तिकडे वळतो, आणि 'भोक ही वस्तू आहे का' यावर लिहिणारा उपाशी राहतो. आक्षेप खरा आहे. पण मग सरकारी पैसा प्रश्न ठरवत नाही का? पैसा कोणताही असो, तो कुठेतरी उतार धरतोच. उतार एकाच बाजूला होऊ नये यासाठी दाते अनेक हवेत, आणि त्यांची खुळं वेगवेगळी हवीत.

चौकट: देणगीपत्र वाचताना

पैसा मुद्दलातून खर्च होणार की व्याजातून, हे आधी पाहावं. मुद्दल दात्याच्याच धंद्यात अडकलं असेल, तर तो धंदा आणि संस्था एकत्र बुडतील. विषय लिहिलेला असावा. निष्कर्ष लिहिलेला असेल तर ते संशोधन नव्हे, प्रचार. अभ्यासक निवडणाऱ्या समितीत दात्याचे नातेवाईक किती, ते मोजावं. विरोधी मत छापण्याची सोय आहे का, ते विचारावं.

आज हा हिशेब किती पडतो?

तत्त्वमीमांसा ही सगळ्यात स्वस्त विद्यांपैकी एक आहे. यंत्र नाही, रसायन नाही, वीज पंख्यापुरती. खर्च माणसाच्या वेळेचा, पुस्तकांचा आणि चार बरोबरीच्या माणसांना एकत्र आणण्याचा. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार. समजा, ठेवीवर ७ टक्के व्याज मिळालं आणि त्यातले ३ टक्के महागाईपोटी मुद्दलात परत घातले, तर खर्चाला उरतात ४ टक्के. सव्वा कोटीच्या निधीतून वर्षाला ५ लाख येतात. एक अभ्यासक आणि त्याची पुस्तकं, कायमची. माणूस बदलत राहील, जागा राहील. जालन्यातल्या सळईच्या कारखानदारांना किंवा बियाणे कंपन्यांना ही रक्कम आवाक्याबाहेरची नाही.

कायद्याची वाट मात्र थोडी वाकडी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कोणत्या कामावर, त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिच्यात संशोधनाचा उल्लेख विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांपुरता आहे. तत्त्वज्ञानाचं नाव नाही. ते बसवायचं तर शिक्षण किंवा संस्कृती या सदरात बसवावं लागतं, आणि हिशेबनीस कपाळाला आठ्या घालतो. म्हणून कंपनीच्या खात्याऐवजी एखाद्या कुटुंबानं किंवा मित्रमंडळानं सार्वजनिक विश्वस्त संस्था काढणं अधिक सरळ. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करता येते. निधी कुठे गुंतवायचा, याचेही नियम त्यात आहेत, आणि ते बी खाऊन टाकण्यापासून विश्वस्तांना रोखतात.

मोठ्या इमारतीनं सुरुवात करू नये, ही आग्रहाची विनंती. इमारतीवर नाव लागतं म्हणून दात्याला ती प्रिय असते, आणि मग आत बसणाऱ्याच्या पगाराला पैसे उरत नाहीत. जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक टेबल, एक पाठ्यवृत्ती आणि वर्षातून दोनदा निघणारा एक मराठी अंक, एवढ्यावर काम चालू होतं. जांबेचा मायावाद आणि जाळीच्या देवाचे चार पदार्थ एकाच अंकात समोरासमोर मांडता आले, तरी पहिल्या वर्षाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

ज्यांना हे करावंसं वाटेल त्यांनी नोंदणीचा अर्ज भरण्याआधी एकदा अमळनेरला जाऊन यावं, आणि प्रतापशेठांनी काय उभारलं, त्यातलं काय टिकलं, ते पाहावं. अजिंठ्याचा घाट उतरून जळगाव गाठायचं. तिथून सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अमळनेर स्टेशन लागतं.